टोपलीमागे एक कागद

मेढ्याला सातारची मोटार उभी होती. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली, आणि क्लीनर ती भट्टी पेटवायला घामाघूम होत होता. ती पेटेपर्यंत आबा आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण जे बोलायचं ते मी आदल्या आठवड्यात ओरडून बोललो होतो.

आबा म्हणजे माझे वडील. पहिल्या लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले पेन्शनर हवालदार. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघे, आणि दोघांपैकी एक सरकारचं पेन्शन खाणारा तर दुसरा त्याच सरकारचं नाव निघालं की ताट सारून उठणारा. मी एकोणीस वर्षांचा होतो. सांगलीला जाऊन चळवळीची पत्रकं लिहिणार होतो. माझी वळकटी आबांनी स्वतः बांधली होती, पलटणीत बांधायचे तशी, चौकोनी, चामड्याच्या पट्ट्याने आवळून.

"जागच्या जागी ठिवत जा रं," ते म्हणाले. "अंधारातबी हाताला गावतंय."

देश बेड्यांत आहे आणि ह्यांना वळकटीची पडली आहे, असं मला वाटलं. वाटलं तसं बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत. "मोटार सुटती," एवढंच म्हणाले. मोटार धूर सोडत निघाली तेव्हा ते सावधानमध्ये उभे होते. मला त्याचीही लाज वाटली. खरं सांगायचं तर मी मागे वळून पाहिलंच नाही. ते सावधानमध्ये उभे होते हे मला क्लीनरने सांगितलं.

तुमच्यापैकी जे गावात राहिलात त्यांना हे वाचून राग येईल. जे माझ्यासारखे निघून आलात ते गप्प बसाल. दोन्ही ठीक.

सांगली संस्थानात होती, त्यामुळे इंग्रजाच्या पोलिसाला तिथे यायचं तर चार ठिकाणी विचारावं लागे. तेवढ्या सवडीत आमची पत्रकं छापून बाहेर पडत. छापखान्यामागे एक खोली मला मिळाली. भिंतीपलीकडे यंत्राची धडधड, खिडकीबाहेर हळदीच्या पोत्यांचा वास. पत्रकावर ना छापखान्याचं नाव, ना माझं. भरतीविरुद्ध लिहिलं, दारूविरुद्ध लिहिलं, शिवाशिवीविरुद्ध, निरक्षरतेविरुद्ध, अगदी उकिरड्यांविरुद्धसुद्धा. प्रत्येक पत्रकाची सुरुवात एकच: बंधु-भगिनींनो!

आणि खानावळीत जेवायला बसलो की शेजारच्या पाटावरचा माणूस मला ओळखत नसे. छापखान्यात सगळे मला "ओ सातारकर" म्हणत. माझं नाव घेऊन हाक मारणारं माणूस त्या गावात नव्हतं. दिवाळीला खोलीत बसून मी एक पत्रक लिहिलं, फटाके उडवू नका म्हणून. आता हसू येतं. तेव्हा ते पत्रक मला फार जळजळीत वाटलं होतं.

घरी मात्र एकही पत्र लिहिलं नाही. आबांना वाचता येत नव्हतं. पत्र गेलं तर शाळामास्तर वाचून दाखवणार, आणि मास्तर सरकारी. हे कारण मी स्वतःला तीन वर्षं सांगितलं आणि तीन वर्षं मला ते पटलं.

तिसऱ्या वर्षी, भाद्रपदाच्या अखेरीस, हसनचाचा तांबोळी छापखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. मेढ्याच्या बाजारात पान-तंबाखू विकणारे हे आमचे शेजारी. तंबाखू घ्यायला सांगलीकडे आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"गड्या, घरला जाऊन ये," ते म्हणाले. "हवालदार कागदात गाडून घ्याय लागल्यात. आन् वर झडतीची बोलवा उठलीय. तुज्या लिवण्याचा एक कागुद जरी घरात गावला, तरी म्हाताऱ्याच्या हाताला दोरी लागंल. घट बसायच्या आत काय त्ये आवर."

"पण माझे कागद घरात आले कुठून? मी तर एकही धाडला नाही."

चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "धाडला न्हाईस, त्ये ठावं हाय," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी घरी पोचलो तेव्हा दार पुरतं उघडेना. आत ढकलून शिरलो. सोप्यात पोती, पोत्यांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर डबे. माजघरात जायला एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. माळा मधोमध वाकलेला. कणगीत धान्याऐवजी कागद. पावसाळाभर ओल पिऊन सगळ्याला कुबट वास सुटलेला, आणि एका खांबाला वाळवी गुडघ्याएवढी चढलेली. काडेपेट्या, औषधाच्या बाटल्या, चहाच्या पुड्यांची वेष्टनं, रॉकेलचे रिकामे डबे, कुठल्या तरी तमाशाची फाटकी जाहिरात. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध एक कोपरा, त्यात घोंगडं आणि चौकोनी घडी केलेला बिस्तरा. तेवढाच माझ्या ओळखीचा होता.

आबा बारीक झाले होते. मला बघून म्हणाले, "आलास? वाईच सांभाळून, त्यो ढीग पडतुया."

मी विचारपूस केली नाही. मी भाषण केलं. माणूस म्हणून राहायची ही रीत आहे का, इथे उंदीर राहतात की तुम्ही, गावोगाव आम्ही सफाईवर घसा फोडतो आणि आमच्याच घरात हे? आबा ऐकत होते. मोठ्या अधिकाऱ्यापुढे ऐकायचे तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळशाने भिंतीवर कार्यक्रम लिहिला. पहिला दिवस सोपा, दुसरा माजघर, तिसरा माळा, चौथा सारवण. खाली मोठ्या अक्षरांत: निश्चय हेच बळ! आणि पदर खोचल्यासारखा धोतराचा सोगा खोचून कामाला लागलो.

दुपारपर्यंत माझं बळ संपलं. एक पोतं उपसावं तर त्यामागे दोन दिसत. कुठला कागद धोक्याचा आणि कुठला बिनधोक, हे पाहायला प्रत्येक कागद हातात घ्यावा लागे. अंगण भरलं आणि घर रिकामं झालं नाही. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. जिल्हा हलवायला निघालेल्या माणसाला एक सोपा हलवता येत नव्हता.

आबा शेजारी येऊन बसले. भिंतीकडे बोट करून म्हणाले, "त्ये काय लिवलंयस?"

मी वाचून दाखवलं.

"ह्येच चुकलं बघ. डोंगर चढताना शेंड्याकडं बघायचं नसतंय. आमाला सुभेदार सांगायचा, फुडच्याच्या टाचंकडं बघा. टाच उचलली, आपून पाय टाकायचा. शेंड्याकडं बघणारा पयला बसतोय." मग थांबून म्हणाले, "आता बसलायस तसा."

मी चिडून उठलो. उठता उठता हातात एक गठ्ठा आला, आणि तो सोडला तर आत भरतीची चित्रं. सरकारची! पलटणीत या, पगार घ्या, नाव काढा. एक नाही, आठ-नऊ. आणि त्यांच्या मध्ये, त्यांच्याइतकंच नीट घडी घालून ठेवलेलं, माझं स्वतःचं पत्रक: भरतीला जाऊ नका.

"आबा, ह्ये काय?" मी ओरडलो. "त्यांची भरतीची चित्रं तुमी जपून ठेवता? माज्या कागदाला लावून?"

"मला काय ठावं रं," आबा म्हणाले, "कुठलं तुजं आन् कुठलं त्येंचं."

त्यांनीच पुढे सांगितलं, डोळे अंगणातल्या ढिगावर ठेवून. "हसन म्हनला, तुजा ल्योक समद्या जिल्ह्याला लिवतोय. म्हनलं, आमी बी जिल्ह्यातच की. मंग जे छापल्यालं दिसंल त्ये घिऊन यायचो. हसन पुड्या बांधायची रद्दी दावायचा, बाजारात खाली पडल्यालं गावायचं. म्हनलं, असंल ह्यात कुटंतरी."

मी पुन्हा घराकडे पाहिलं. काडेपेटीवर अक्षरं होती. बाटलीवर होती. चहाच्या पुडीवर, रॉकेलच्या डब्यावर. त्या घरात बिनअक्षराची अडगळ नव्हतीच. बंधु-भगिनींनो म्हणून मी जिल्ह्याला हाका मारत होतो, आणि जिल्ह्यातला एक माणूस त्या हाकेतली आपली हाक शोधत तीन वर्षं रद्दी घरात आणत होता.

हे वाचून कुणी मला माफ करू नये. मी स्वतः केलेलं नाही.

पण झडती थांबणार नव्हती, आणि घटस्थापनेला पाच दिवस उरले होते. जाळावं तर ओला कागद नुसता धुमसणार, आणि एवढा धूर साऱ्या खोऱ्याला दिसणार. आबांनीच तोड काढली. आमच्याकडे बायका जुना कागद भिजवतात, उखळात कुटून त्याचा लगदा करतात, त्यात वाटलेल्या मेथ्या घालतात आणि पालथ्या घमेल्यावर थापून टोपल्या करतात. मेथ्यांनी चिकटही होतं आणि कीडही लागत नाही. "तुजी आई करायची," आबा म्हणाले. "भिजिवला की कुनाचा बा वाचतोय."

मग म्हणाले, "पर माजी एक अट. टोपलीभर कागुद भाईर गेला, की त्यातला एक मला वाचून दावायचा. तुजा असंल तर तुजा, न्हाईतर कुनाचाबी. एवढं गोळा केलं, निदान काय हुतं त्ये तर कळू दे."

असं ते काम झालं. निश्चय हेच बळ वगैरे सगळं खोटं. मी काम केलं ते ह्या एका अटीवर. एक टोपली भरायची, हौदात उलटायची, एक कागद वाचायचा. शेंड्याकडे पाहायचं नाही. पुढची टोपली म्हणजे पुढच्याची टाच. आबा उखळात कुटत आणि मी वाचत असे. त्यांच्या तोंडाने कवायतीचं एक-दोन, एक-दोन चालूच.

चहाची जाहिरात वाचली तर म्हणाले, "ह्ये तुज्यापेक्षा बरं लिवलंय. काय करायचं त्ये तरी सांगितलंय, उकळा म्हनून." माझं दारूविरुद्धचं पत्रक ऐकून बराच वेळ कुटत राहिले. "लय बोललास," म्हणाले. "पर पिणारा हितवर ऐकत बसंल व्हय? त्यो पयल्या वळीलाच उठून पियाला जाईल." मी वाद घातला. तीन वर्षांत माझ्या लिहिण्यावर इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. छापखान्यात लोक वा वा म्हणत, कारण त्यांनाही तसंच लिहायचं असे.

तिसऱ्या दिवशी हाताला सफाईचं पत्रक लागलं. मी वाचलं: बंधु-भगिनींनो, घरातील अडगळ ही मनातील आळसाची खूण आहे, एका दिवसाच्या निर्धाराने घर आरशासारखे होते.

आबांनी मुसळ थांबवलं. "एका दिसात? कुनी लिवलंय ह्ये? त्याच्या बापाचं घर त्यानं बघितलं नसंल."

"मीच लिहिलंय."

ते हसले. मोठ्याने, खोकला लागेपर्यंत. मीही हसलो. सांगलीला गेल्यापासून मी तसा हसलो नव्हतो, हे हसताना लक्षात आलं.

पण पुढच्याच टोपलीला दुसरं पत्रक निघालं. ते बाजूला सारून दुसरा कागद घ्यावा असं मनात आलं. आबांनी माझा हात पाहिला होता. "वाच की," म्हणाले. मी वाचलं: आपल्या वृद्ध मातापित्यांना अक्षरओळख करून द्या. उद्यावर ढकलू नका. सुरुवात आपल्या घरापासून करा.

मुसळाचे चार ठोके पडले. मग आबांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "मंग तू कुनाच्या घरापास्नं केलीस?"

पंचक्रोशीतल्या बायांना, सांगलीच्या हमालांना, कुणाकुणाला मी अक्षरं शिकवली होती.

"फुडच्या खेपंला शिकवतो, आबा," मी म्हणालो. "आता झडती हाय."

"व्हय," ते म्हणाले. "झडती हाय."

पाचव्या दिवशी घर रिकामं झालं; डबे-बाटल्या भंगारात गेल्या, उरलेला लगदा परसातल्या खड्ड्यात. खांबाची वाळवी खरवडली, जमीन सारवली, भिंतीवरचा माझा कार्यक्रम पांढऱ्या मातीने पुसला. आबा माजघरात उभे राहून एकदा खोकले, तर खोकला घुमून परत आला. "कुनी तरी आलंय वाटतंय," म्हणाले. त्या बोलण्यावर मला हसता आलं नाही. उन्हात पाच करड्या टोपल्या वाळत होत्या. एकीच्या काठाला "बंधु" एवढा अर्धवट शब्द वर राहिला होता; तो मी नखाने दाबून आत बसवला.

शेवटचा एक कागद आबांनी पाठीमागे धरला होता. "ह्यो ठेवू दे," म्हणाले. "ह्यो सरकारचाच हाय, धोका न्हाई."

भरतीचं चित्र होतं. फेटा बांधलेला, मिसरूड फुटलेला जवान, समोर बघणारा.

"हाच? आबा, ह्याच कागदाविरुद्ध मी..."

"तुज्यासारका दिसतोय," ते म्हणाले. "हनुवटी बघ."

मी बघितलं नाही. त्यांच्या हातून ते चित्र फाडावं इतका संताप आला होता. पण माझा एकही कागद त्या घरात ठेवण्याजोगा नव्हता, हेही मला कळत होतं. त्यांनी तांदळाच्या खळीने ते चित्र बिस्तऱ्यासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. सरळ बसलं का म्हणून मलाच विचारलं. सरळ आहे, मी म्हणालो. घट बसायच्या आदल्या दिवशी मी सांगलीची वाट धरली. ह्या वेळी मागे वळून पाहिलं. ते सावधानमध्ये उभे होते.

झडती झाली, ती मला हसनचाचांनी तंबाखूच्या पुढच्या खेपेला सांगलीत येऊन सांगितली. नवा फौजदार, बरोबर गावचे पोलीस-पाटील. घरात पाहावं तर एक चौकोनी बिस्तरा, पाच टोपल्या, एक चित्र. फौजदाराने टोपली उचलली, आतली नाचणी हलवली आणि खाली ठेवली. माझं तीन वर्षांचं राजद्रोही लिखाण त्याने दोन्ही हातांत धरलं होतं. मग भिंतीकडे पाहून विचारलं, "हा कोण?"

"माजा ल्योक," आबा म्हणाले.

"पलटणीत का?"

"कापडं बगा की सायेब, कुठली हाईत त्ये."

पोलीस-पाटील म्हणे आढ्याकडे बघत राहिले, जणू तिथे काही लिहिलंय. फौजदाराने म्हाताऱ्या हवालदाराला सलाम केला आणि तो निघून गेला. चाचा हे सांगताना मांडीवर थापा मारून हसत होते. मीही हसून दाखवलं. ते गेल्यावर दार लावून बसलो. आबा खोटं बोलणारे नव्हते. साऱ्या जन्मात बोललेले मी ऐकले नाहीत. म्हणूनच ते उत्तर माझ्या मनातून जाईना.

घरची माझी पुढची खेप लांबत गेली. कधी सभा होती, कधी पकडले जाण्याची धास्ती, कधी नुसता कंटाळा, आणि त्याला मी कार्य म्हणत होतो. लढाई संपली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आबा दोन दिवसांच्या तापाने गेले. निरोप पोचून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

बारावं झाल्यावर घर आवरायला घेतलं. लोक म्हणाले, मदतीला येऊ का? मी म्हटलं, नको, मला आवरायची सवय आहे. एक तासही लागला नाही. बिस्तरा, घोंगडं, तवा, पाच टोपल्या. मी आधीच सगळं नेऊन लगदा केला होता. त्यांच्या हाताची घडी असलेला एक कागद तरी कुठे मिळेल म्हणून मी माळा धुंडाळला, कणगीत हात घातला, देवळीत बोटं फिरवली. घर स्वच्छ होतं. आरशासारखं.

म्हणून गावी जाऊन म्हाताऱ्यांचं घर आवरणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, आणि हे पत्रक समजू नका: घाई करू नका. टोपलीमागे एक कागद वाचा. जमलं तर दोन.

एक टोपली मी सांगलीला आणली, तिच्यात भाकरी ठेवतो. खोली तशीच आहे, यंत्र तसंच धडधडतं, लोक अजून सातारकरच म्हणतात. देश स्वतंत्र झाला. माझी पत्रकं आता छापखान्याच्या नावासकट निघतात आणि कुणी ती लपवून ठेवत नाही. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी अजूनही मेढ्याकडचं तेच सांगतो. पण सांगताना मला माहीत असतं, तिथे मी राहत नाही आणि राहिलोही नाही. आबांच्या बिस्तऱ्यासमोर रोज सकाळी उभा असायचा तो दुसराच, भिंतीवरचा. त्यानेच त्यांचा खोकला ऐकला, त्यानेच त्यांना झडतीतून सोडवलं, तापाच्या दोन दिवसांत त्यांच्यापुढे तोच होता.

घर बंद करताना ते चित्र उतरवायला मी हात वर केला होता. खळ सुटली होती, एक ओढ पुरली असती. जवळ गेलो म्हणून आबांनी दाखवलेली ती हनुवटी पहिल्यांदाच पाहिली.

मग कोपरा अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला, आणि त्याला जागच्या जागी ठेवून कुलूप लावलं.